अर्धा ग्रॅम आंबा

भाची डिसेंबरात स्टुटगार्टहून आली. सगळ्यांना चॉकलेटं आणि मला एकट्याला चहाचा डबा. ऑक्टोबरात डॉक्टरांनी माझा चहा सहा कपांवरून दोनांवर आणलाय, ही बातमी बहिणीनं तिकडे पोचवली होती. ज्याचा चहा तुटला त्याला दुसरा चहा द्यावा, असा त्या पोरीचा सरळ हिशेब. डबा फार देखणा. उभा कापलेला आंबा, त्याच्या गरावर पाण्याचे थेंब, शेजारी अर्धं पॅशनफ्रूट, मागे समुद्र. आत वीस पिशव्या, प्रत्येक आपापल्या पाकिटात.

आंब्याच्या बाबतीत माणसानं डिसेंबरात कोणावर विश्वास ठेवू नये. मागचा आंबा जाऊन सहा महिने झालेले असतात, पुढचा यायला चार असतात, आणि मधल्या काळात माणूस कशालाही भुलतो. मी पाकीट फाडलं आणि हॉलमध्ये मे महिना शिरला. अतिशयोक्ती नाही, स्वयंपाकघरातून बायकोनं विचारलं, "आमरसाचा डबा फोडलास का?" पिकल्या आंब्याचा, अढीतल्या गवतातून येतो तसा दाट वास. मी ती पिशवी दोनदा नाकाशी नेली. भाची समाधानानं बघत होती.

चहा करायची कृती डब्यावर जर्मनमध्ये होती, ती तिनं वाचून दाखवली. खळखळ उकळतं पाणी ओतायचं, झाकण ठेवायचं, आठ मिनिटं थांबायचं. आठ मिनिटं! आमच्याकडे तेवढ्यात चहा होतो, पिऊन होतो आणि दुसऱ्याचा विषय निघतो. पण थांबलो. कपातलं पाणी आधी गुलाबी झालं, मग लाल, मग अळत्यासारखं गडद. झाकण काढलं, मे महिना वाफेबरोबर पुन्हा एकदा वर आला, आणि मी घोट घेतला.

आंबट. नुसतं आंबट. कैरीच्या आंबटात एक हिरवा करकरीतपणा असतो, चिंचेच्या आंबटात माया असते, कोकमाच्या आंबटाला मागून किंचित तुरट शेपूट असतं. हे आंबट रिकामं होतं. पातळ, गरम, दातांवर चढणारं. पत्रिकेवर एक नाव आणि बोहल्यावर भलताच उभा, अशी गत. मी दुसरा घोट घेतला, कारण पहिल्यात कधीकधी जीभ बेसावध असते. दुसराही तसाच.

"कसा आहे, मामा?"

"वेगळा आहे."

'वेगळा' हे आपलं फार उपयोगी विशेषण आहे. नव्या सुनेची पहिली पुरणपोळी वेगळी असते, मित्राच्या मुलीचं अरंगेत्रम वेगळं असतं. ऐकणाऱ्यालाही त्याचा अर्थ कळतो, पण कोणाला काही बोलता येत नाही. भाचीला तो अर्थ कळला नाही, किंवा तिनं कळू दिला नाही. तिच्या ऑफिसात म्हणे दुपारी सगळे हाच पितात, तिकडे बालवाडीतल्या पोरांनासुद्धा हाच देतात. मी कप संपवला. मामा होतो.

दुसऱ्या दिवशी ती तिच्या मैत्रिणीकडे गेली तेव्हा मी गुपचूप सुधारणा करायला गेलो. चहात काही कमी वाटलं की दूध घालायचं, हा माझा आयुष्यभराचा उपाय. घातलं. क्षणभर कपात सुंदर जांभळट ढग उठला आणि मग त्याच्या गुठळ्या झाल्या. दूध फाटलं होतं. लिंबू पिळल्यावर फाटतं तसंच, कारण त्या लाल पाण्यात लिंबासारखीच आम्लं होती. बायकोनं कपात डोकावून "पनीर किती झालं?" एवढंच विचारलं.

नावाचा मात्र मला राग नाही. चहाच्या झाडाचं एकही पान नसलेल्या पेयाला चहा का म्हणावं, असा वाद बरेच जण घालतात. मराठी माणसाला तो अधिकार नाही. आपण कुंडीतल्या एका गवताला खुशाल 'गवती चहा' म्हणतो. पण असा पाला, साल, मूळ पाण्यात उकळून प्यायच्या प्रकाराला आपल्याकडे जुना शब्द आहे, काढा. काढ्याची एक गोष्ट मला या वयात फार आवडायला लागली आहे. तो आधीच सांगून टाकतो. आलं, मिरी, तुळस, ज्येष्ठमध. नाक दाबून पी, तोंड वाकडं कर, वर गुळाचा खडा खा. काढ्याच्या डब्यावर कोणी सूर्यास्त छापत नाही. म्हणून काढा पिऊन आजवर कोणाची निराशा झालेली नाही.

तिसऱ्या दिवशी मी डबा उलटा करून मागची बारीक अक्षरं वाचायला घेतली. फोन समोर धरला की तो जर्मनचं मराठी करतो, बरंवाईट. पहिलं नाव 'हिबिस्कुस'. दुसरं सफरचंद. तिसरं 'हागेबुटेन', ज्याचा उच्चार मराठी घरात जेवायच्या वेळी मोठ्यानं करू नये. हे रानगुलाबाचं फळ. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये संत्री येईनाशी झाली तेव्हा शाळकरी पोरांकडून कुंपणावरची ही फळं गोळा करवून त्यांचं सिरप काढलं, आणि लहान मुलांना क जीवनसत्त्वासाठी चमच्यानं पाजलं. सिरप, म्हणजे अर्थातच साखर घालून. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल. त्यानंतर संत्र्याची साल, ब्लॅकबेरीची पानं, 'अरोमा', आणि शेवटी, सगळ्यांची ताटं वाढून झाल्यावर येणाऱ्या वाढप्यासारखा, आंबा. एक टक्का.

पेनानं डब्याच्या कडेलाच गणित मांडलं. एका पिशवीत अडीच ग्रॅम माल. वीस पिशव्यांत पन्नास. त्याचा एक टक्का म्हणजे अर्धा ग्रॅम आंबा, अख्ख्या डब्यात. तो वाळवलेला, ताज्याच्या हिशेबात फार तर तीनेक ग्रॅम. आपण चोखून टाकलेल्या कोयीला याहून जास्त आंबा चिकटलेला असतो. पॅशनफ्रूटचं तर नावसुद्धा यादीत नव्हतं. त्याचा फक्त फोटो होता.

संध्याकाळी भाचीला हे सांगितलं, तर ती हसली. म्हणाली, तिकडे यावर कोर्टकचेरी झालेली आहे. मला वाटलं मामाची समजूत घालते आहे, पण खरंच झालेली आहे. टेकाने नावाची ड्युसेलडॉर्फची जुनी चहा कंपनी. या नावाचा अर्थच मुळी चहाची किटली. (माझा डबा त्यांचा नव्हता, हे सांगितलेलं बरं.) त्यांचा लहान मुलांसाठीचा एक फळांचा चहा होता, नाव 'फेलिक्सचं रासबेरी-व्हॅनिला साहस'. डब्यावर रासबेरी, व्हॅनिलाची फुलं. आत यांपैकी काहीही नाही. त्यांच्यापासून काढलेला अर्कही नाही. ग्राहक संघटनांच्या महासंघानं दावा लावला. कंपनीचं म्हणणं साधं होतं: मागच्या यादीत सगळं खरं लिहिलं आहे, वाचायचं होतं. खालच्या कोर्टात महासंघ जिंकला, वरच्यात हरला. मग जर्मनीच्या सर्वोच्च न्यायालयानं प्रश्न लक्झेंबर्गला युरोपीय न्यायालयाकडे पाठवला. ४ जून २०१५ ला तिथून उत्तर आलं, की मागची यादी बरोबर असली तरी समोरचं चित्र ग्राहकाची दिशाभूल करू शकतं. त्याच वर्षी डिसेंबरात निकाल कंपनीच्या विरुद्ध गेला.

चहाच्या एका डब्यासाठी युरोपातले न्यायमूर्ती बसले. मला ते फार बरं वाटलं. माझ्या डब्यावरचा तो 'एक टक्का' असल्याच कायद्यांमुळे छापला गेला असणार. चित्र काढलंत तर प्रमाण सांगा, असा तिकडे नियम आहे. आता त्यांनी प्रमाण सांगितलं, आणि मी ते घोट घेतल्यावर वाचलं. यात कोर्ट तरी काय करणार?

बरं, जर्मनांना चहाच कळत नाही असंही म्हणायची सोय नाही. त्यांच्या उत्तरेकडे ओस्टफ्रीसलँड म्हणून भाग आहे, तिथली माणसं दरडोई चहा पिण्यात जगात कोणालाही मागे टाकतात. कपात आधी खडीसाखरेचा खडा टाकतात, वर कडक कोरा चहा ओततात, तो खडा तडकतो त्याचा आवाज ऐकतात, मग चमच्यानं कडेकडेनं साय सोडतात आणि ढवळत नाहीत. अशा माणसाशी माझं जमलं असतं.

पण मग तो वास कुठून आला? अर्ध्या ग्रॅमातून नक्कीच नाही. तो यादीतल्या त्या 'अरोमा' या एका शब्दातून आला. फळाचा वास म्हणजे हवेत उडणारी संयुगं. केळ्याच्या वासाचं मुख्य काम आयसोअमाइल ॲसिटेट करतं, अननसात इथाइल ब्युटिरेटचा हात असतो. हापूसच्या वासावर तर आपल्या पुण्यातच, पाषाण रस्त्यावरच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत बरंच काम झालेलं आहे. हापूस पिकायला लागला की त्यात लॅक्टोन आणि फ्युरॅनोन या जातीची संयुगं तयार होतात, आणि अढीवरची गोणपाटं न उघडताही घरातल्याला कळतं ते त्यांच्यामुळे. ही संयुगं बाटलीतून चोथ्यावर शिंपडता येतात. सफरचंदाचा वाळका तुकडा ती शोषून घेतो, पाकिटात दाबून धरतो आणि पाकीट फाटलं की सोडून देतो. उरलेली गरम पाण्याच्या वाफेबरोबर जातात. माझा आंबा मी प्यायलोच नाही. तो हॉलमध्ये फिरला, पडद्यांना लागला आणि खिडकीतून गेला.

जिभेला आंबा कधीच कळत नसतो. तिला गोड कळतं, आंबट कळतं, आणखी दोन-तीन गोष्टी कळतात. गोड आणि थोडं आंबट तिनं सांगायचं, बाकी आंबा नाकानं सांगायचा, असा हा जोडीचा धंदा आहे. शंभर ग्रॅम पिकल्या आंब्यात चौदा ग्रॅमच्या आसपास साखर असते. पन्नास वर्षं नाक 'आंबा' म्हणालं की जिभेवर गोड पडत आलेलं आहे. ती पाट मांडून बसते. आणि तिच्या पानात हे आम्लाचं पाणी पडतं. तेच पाणी बिनवासाचं मिळालं असतं, तर मला इतकं आंबट लागलंही नसतं.

लहानपणी आम्ही संत्र्याची गोळी खायचो, फाकेच्या आकाराची, वर साखर भुरभुरलेली. तिच्यात संत्र्याचा अंशही नव्हता. आम्ही तर संत्र्यांच्या मुलखातले, खरं संत्रं आवारात सडत पडलेलं असायचं. तरी दहा पैशांच्या त्या गोळीनं एकदाही फसवल्यासारखं वाटलं नाही. खोटी होती, पण साखर पुरेपूर होती.

चौथ्या पिशवीला मी कात्री लावली. चहा झाल्यावर ओला चोथा बशीत पसरला. सफरचंदाचे फिकट तुकडे, सालीचे पिवळे कण, आणि निम्म्याहून जास्त काळपट लाल, जाडसर, चामड्यासारख्या पाकळ्या. फोनच्या म्हणण्यानुसार 'हिबिस्कुस' म्हणजे जास्वंद. बायको म्हणाली, जास्वंद गणपतीला वाहतात आणि तेलात उकळतात, तुझं काय चाललंय? पण जास्वंदीची पाकळी अशी नसते. ती ओली झाली की हातात विरते. ही मांसल होती. मी एक तुकडा दातांखाली धरला. आंबट, आणि चावताना किंचित बुळबुळीत.

बोंडं. अंबाडीची बोंडं!

डब्यावर शोधलं, तर लॅटिन नाव नव्हतं. भाचीच्या फोनवर सापडलं, हिबिस्कस सबदारिफा. आपली लाल अंबाडी. अंबाडी नावाच्या दोन सख्ख्या बहिणी आहेत. एकीच्या सालीचा वाख निघतो, त्याचे दोर वळतात. दुसरीचा पाला भाजीला आणि बोंडं आंबटाला. घरी दोघींनाही अंबाडीच म्हणतात. जास्वंद आणि भेंडी या त्यांच्याच कुळातल्या. तो बुळबुळीतपणा भेंडीकडचा.

दर्यापूरकडे आमचं शेत होतं. कपाशीच्या शेताच्या धुऱ्यावर अंबाडीच्या दोन ओळी असायच्या, मुद्दाम कोणी लक्ष न दिलेल्या. पावसाळ्यात तिच्या पाल्याची भाजी. ज्वारीच्या कण्या घालून शिजवलेली, वर लसणाची फोडणी आणि भाकरीवर कच्चं तेल. दिवाळी झाली की फुलं गळायची आणि खालचा लाल गोंडा फुगायचा. तीच बोंडं. आजी ओटीत भरून आणायची आणि आम्हाला सोलायला बसवायची. आतलं बी बाजूला, लाल पाकळ्या बाजूला. बारीक लव बोटांना टोचायची, खाज सुटायची. पाकळ्या तेलात परतून लसूण, मिरची, मीठ आणि हातावर मावेल एवढा गूळ. पाट्यावर वाटली की गडद लाल चटणी. काही बोंडं उन्हाळ्यासाठी वाळवून ठेवायची, त्याचं सरबत. मी एकदा कच्चं बोंड तसंच चावलं होतं आणि तोंड आंबलं होतं. आजी म्हणाली, "गूळ काहून नाई घेतला, बावऱ्या? अंबाडीले एकटी सोडत असतात काय?"

तो सगळा गडद लाल, सगळा आंबटपणा, फाटलेलं दूध, सगळं अंबाडीचं होतं. डब्यात निम्म्याहून जास्त तीच, समोरच्या बाजूला तिचा फोटो नाही. अर्ध्या ग्रॅमाच्या पाहुण्याचा फोटो.

नंतर चाळा म्हणून शोधत गेलो. ही अंबाडी जगभर प्यायली जाते. इजिप्त आणि सुदानमध्ये 'करकदे', गरमही आणि थंडही. सेनेगलमध्ये 'बिसाप'. मेक्सिकोत 'आग्वा दे हमायका', मोठ्या काचेच्या बरण्यांत, पळीनं वाढतात. जमैकात नाताळाला आलं घालून करतात, मोठी माणसं त्यात रमही ओततात. एका झाडाचे इतके संसार, पण एक गोष्ट सगळीकडे सारखी. या सगळ्यांच्या भांड्यात साखर पडते, आणि चिमटीनं नाही, मुठीनं पडते. आपले तेलुगू शेजारी साखर घालत नाहीत, तर गोंगुऱ्यात, म्हणजे अंबाडीच्या पाल्याच्या चटणीत, तेल आणि मिरची घालतात. जे जे हिच्याबरोबर राहिले त्यांना हे माहीत आहे. सुदानातून पोती भरून ती जर्मनीला जाते, तिथल्या यंत्रात चिरली जाते, आणि तिच्याबरोबर गूळ, तेल, मिरची, आलं यांपैकी काहीच न देता तिला आंब्याचं अत्तर लावून डब्यात बसवतात. वजन कमी करणाऱ्यांसाठी, शून्य कॅलरी.

तर मी पाचव्या कपात गूळ घातला. दोन खडे, चिमूटभर मीठ. आंबा बाजूला सारला तर ते वाईट नव्हतं. चांगलंच होतं म्हणा. भाचीनं घोट घेतला आणि म्हणाली, "मामा, हे वेगळं आहे." आता ते तिनं कुठल्या अर्थानं म्हटलं, विचारलं नाही. डॉक्टरांनी साखरेचंही काही म्हटलं होतं, तेही त्या संध्याकाळी कोणी काढलं नाही.

दादाला गावी फोन केला. म्हटलं, बोंडं मिळतील का? तो म्हणाला, "कुठली रे बोंडं? सोयाबीन आल्यापासून धुऱ्यावर कोण अंबाडी लावते? तननाशक मारलं की धुरा साफ." तरी आठवड्यानं त्यानं कोणाच्या तरी परसातली पावशेरभर वाळकी बोंडं मिळवली आणि ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरजवळ पाठवली. मी पहाटे साडेपाचला हायवेवर जाऊन ती पुडी घेतली. वर्तमानपत्रात बांधलेली, सुतळीनं. वास कशाचाच नाही. थोडा धुळीचा, थोडा पोत्याचा. चटणी केली. आजीसारखी झाली नाही, मिक्सरला पाट्याचं काम जमत नाही. पण भाकरीबरोबर तिघांनी वाटी पुसून खाल्ली.

भाची जानेवारीत परत गेली. तिच्या बॅगेत गूळ आणि चहा मसाला गेला. डब्यात पंधरा पिशव्या उरल्या. टाकवेनात, पिववेनात. शेवटी बायकोनं त्या न उकळता, पाकिटं फाडून, दारामागच्या चपलांच्या कपाटात प्रत्येक कप्प्यात दोन-तीन अशा ठेवल्या. झकास काम करतात. परवा वरच्या मजल्यावरचे काका चपला काढताना थबकले, दोनदा नाक फुलवलं आणि आत बघून म्हणाले, "पेटी आली वाटतं?"

जानेवारी होता.